हृद्रोगतज्ज्ञ घडविताना

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हृद्रोग विभागप्रमुखांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत मी आमच्या विभागाचे आकडे आपल्यापुढे ठेवतो. याही वर्षी ते अहवालाच्या परिशिष्टात दिलेले आहेत. आपण ते सवडीने पाहावेत. आज मात्र मला एका वेगळ्या विषयावर बोलावयाचे आहे. त्याला निमित्त झाला एका रुग्णाच्या मुलाने विचारलेला प्रश्न.

पावसाळ्याच्या तोंडावर साठीच्या घरातील एक शेतकरी छातीत दुखते म्हणून आपल्याकडे दाखल झाले. दुसऱ्या दिवशी त्यांची अँजिओग्राफी ठरली. आमचे निवासी डॉक्टर संमतिपत्र घेऊन त्यांच्या मुलाकडे गेले. त्याने ते नीट वाचले, पण सही केली नाही. कागद हातात घेऊन तो माझ्या खोलीत आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "साहेब, नळी कोण घालणार? तुम्ही, का हे शिकणारे डॉक्टर? आम्ही मोफतच्या वॉर्डात आहोत, म्हणून विचारतो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण ते शेवटचे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्या मुलाला मी काय उत्तर दिले ते पुढे सांगेन. आधी त्याच्या प्रश्नामागचे वास्तव आपल्यापुढे ठेवणे मला आवश्यक वाटते. कारण आपल्या देणगीतून केवळ यंत्रे आणि खाटा उभ्या राहत नाहीत, या रुग्णालयात हृद्रोगतज्ज्ञही घडत असतात, आणि ते रुग्णांच्या सान्निध्यातच घडतात.

बारावीनंतर साडेचार वर्षे एमबीबीएस, एक वर्ष आंतरवासिता, तीन वर्षे एमडी आणि त्यानंतर तीन वर्षे डीएम किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी, असा हा साडेअकरा वर्षांचा मार्ग आहे. हृदयाच्या वा रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेकडे वळणाऱ्यालाही एमएस आणि एमसीएच मिळून जवळजवळ तेवढाच काळ लागतो. २०१७ पासून शेवटच्या टप्प्याचा प्रवेश देशपातळीवरील एकाच परीक्षेने होतो. म्हणजे आमच्याकडे येणारा निवासी डॉक्टर हा कोणी कोवळा विद्यार्थी नसतो. तिशीच्या आसपासचा, पूर्ण प्रशिक्षित वैद्य असतो. त्याला न्यूमोनिया समजतो, मधुमेह समजतो, ईसीजी वाचता येतो. येत नाही ती एकच गोष्ट: जिवंत माणसाच्या धमनीतून हृदयापर्यंत नळी नेणे, आणि नेऊ नये तेव्हा हात आवरणे.

हे पुस्तकातून येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. मी दुसऱ्या एका शहरात शिकत होतो. त्या काळी नळी बहुधा जांघेतील धमनीतून घालीत. योग्य जागी टोचले, तर धमनीच्या पाठीमागे मांडीच्या हाडाचे डोके असते. नळी काढल्यावर तेथे दाब देता येतो. बोटभर वर टोचले, तर मागे आधारच राहत नाही. रक्त पोटाच्या मागील बाजूस साचत जाते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. मी वर टोचले होते. प्रक्रिया उत्तम झाली, चित्रे स्वच्छ आली, आणि मी खुशीत जेवावयास गेलो. वॉर्डातील वयस्कर सिस्टरांनी मला जेवणावरून उठवून बोलावले. "पेशंट कंबर दुखतेय म्हणतो, आणि नाडी वाढलीय," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात जे आले होते ते माझ्या डोक्यात आले नव्हते. रुग्णाला रक्त द्यावे लागले. सुदैवाने तो बरा होऊन घरी गेला.

माझ्या सरांनी मला एका शब्दानेही रागावले नाही. त्यांनी पुढचा महिनाभर माझ्या हातून सुई काढून घेतली आणि एकच काम दिले: इतरांनी घातलेल्या नळ्या काढून प्रत्येक रुग्णाच्या जांघेवर वीस वीस मिनिटे हाताने दाब देणे. वीस मिनिटे बोटांखाली धमनी ठेवून बसले की माणूस बरेच काही शिकतो. रुग्ण आपल्याशी बोलू लागतो हा त्यातील आणखी एक लाभ. आजही माझ्या विभागात येणाऱ्या निवासी डॉक्टरांना प्रथम दाब देणे शिकावे लागते, टोचणे त्यानंतर.

आता बहुतेक वेळा मनगटातील धमनी वापरली जाते. कॅनडातील लुसियन कांपो यांनी १९८९ मध्ये या मार्गाने हृदयाच्या धमन्यांची तपासणी प्रसिद्ध केली आणि १९९२ मध्ये नेदरलँड्समधील फर्डिनांड किमेनेई यांनी याच मार्गाने अँजिओप्लास्टी केली. रुग्णाला हा मार्ग सोयीचा. रक्तस्राव कमी आणि लवकर उठून बसता येते. शिकणाऱ्याला मात्र तो कठीण. ही धमनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद असते आणि दोन-तीनदा टोचले की आकसून बसते. रुग्णाचे सुख वाढले तसे शिकणाऱ्याचे कष्ट वाढले, आणि त्यात गैर काही नाही.

हे शास्त्र मुळात उघड्यावर शिकविले गेले, हेही सांगावेसे वाटते. आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे, जागे असलेल्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत फुगा नेऊन तिचे अरुंदपण दूर केले. पहिले यश मिळाल्यावर ती विद्या स्वतःपाशी ठेवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी उलट केले. पुढच्याच वर्षी त्यांनी जगभरच्या डॉक्टरांना झुरिकला बोलाविले आणि कॅथ लॅबमधील काम सभागृहातील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, घडत असतानाच, दाखविले. घडत असताना दाखवायचे म्हणजे फसले तर तेही सर्वांसमोर. १९८५ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते अवघे ४६ वर्षांचे होते. पण तोवर त्यांच्याकडे शिकलेले हात अनेक देशांत पोहोचले होते.

आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय प्रत्यारोपण केले. जगातील पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांतच दगावला, आणि भारतातील पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणासाठी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या अपयशाची चर्चा पुष्कळ झाली. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की त्यामागे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे सराव केलेला एक संघ होता. त्याच विभागात महाधमनीच्या दाहाच्या विकारावर जे काम झाले, ते रक्तवाहिन्यांच्या शास्त्रात आजही आदराने सांगितले जाते.

रक्तवाहिन्यांचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. हृद्रोगाला देणगी मिळते, पायाला मिळत नाही. हृदयाचा झटका सर्वांना ठाऊक आहे. पायाच्या धमनीत अचानक गुठळी अडकली तर साधारण सहा तासांत रक्तपुरवठा पूर्ववत करावा लागतो, नाहीतर पाय गमावण्याची वेळ येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मधुमेह आणि तंबाखू या दोहोंनी आपल्या भागातील पायांचे फार नुकसान केले आहे. घोट्याजवळचा रक्तदाब दंडातील रक्तदाबाशी ताडून पाहिला आणि ते गुणोत्तर ०.९ हून कमी आले, तर पायाची धमनी अरुंद झाल्याचा संशय घ्यावा, इतकी ही साधी तपासणी आहे. मात्र जुन्या मधुमेहींच्या धमन्या चुनखडीसारख्या कडक झालेल्या असतात आणि आकडा फसवा चांगला येतो. तेथे यंत्रापेक्षा बोटे खरी. म्हणून प्रत्येक हृद्रोग्याचे मोजे काढून पावलावरची आणि घोट्यामागची नाडी पाहिल्याखेरीज आमच्याकडे तपासणी पूर्ण झाली असे मानले जात नाही. नवीन आलेल्यांना हे कंटाळवाणे वाटते. वाटू द्यावे.

आता पैशांचा विषय. गतवर्षी याच सभेत एका विश्वस्तांनी मला विचारले होते, की शिक्षणाचा खर्च नेमका कोणत्या रकान्यात दिसतो. विद्यावेतन दिसते, ग्रंथालय दिसते. खरा खर्च कोठेच दिसत नाही, कारण तो वेळेचा आहे. जी अँजिओग्राफी मी वीस मिनिटांत करतो, ती निवासी डॉक्टर माझ्या देखरेखीखाली करतो तेव्हा पाऊण तास लागतो. त्या दिवशी कॅथ लॅबच्या यादीतून एक-दोन नावे पुढे ढकलावी लागतात आणि तेवढे उत्पन्न बुडते. अमेरिकेत तीन वर्षांच्या हृद्रोग प्रशिक्षणानंतर अँजिओप्लास्टीसाठी आणखी एक वर्ष देतात आणि त्या वर्षात किमान २५० अँजिओप्लास्टींचा अनुभव अपेक्षितात. आपल्याकडे सारे तीन वर्षांत बसवायचे असते. घाई केली तर त्या घाईची किंमत कोणत्या तरी रुग्णाला मोजावी लागते.

दुसरा आक्षेपही मला ठाऊक आहे: शिकवून काय उपयोग, पाखरे मोठ्या शहरांत उडून जातात. बहुतेक जातात, हे खरे आहे. मी नाकारणार नाही. पण हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास ज्याच्या हाती असतो तो मोठ्या शहरातला तज्ज्ञ नसतो. तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टर असतो. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, आणि अँजिओप्लास्टीची सोय वेळेत पोहोचण्याजोगी नसेल तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथेच द्यावे, हे आजचे मान्य शास्त्र आहे. त्यासाठी कॅथ लॅब लागत नाही. ईसीजी ओळखणारा डोळा आणि निर्णय घेण्याचे धैर्य लागते. म्हणून ग्रामीण रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना आठ-आठ दिवस आमच्या अतिदक्षता विभागात बसविण्याचा उपक्रम आम्ही सुरू केला आहे. माझ्या मते विभागाच्या साऱ्या कामांत हेच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे, आणि याच कामासाठी अद्याप एकाही देणगीदाराने स्वतंत्र निधी दिलेला नाही.

आता त्या मुलाकडे वळतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात. त्याचे वडील निर्धन रुग्णांच्या खाटेवर होते. गरिबाच्या अंगावर शिकायचे आणि श्रीमंताच्या अंगावर शिकलेले वापरायचे, ही वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील जुनी आणि लाजिरवाणी रीत आहे. ती आपल्या रुग्णालयात नाही, असे मी त्याला ताबडतोब सांगू शकलो असतो, तर मला बरे वाटले असते. मी क्षणभर थांबलो. नियम तसा नव्हता. पण विशेष खोल्यांतील रुग्ण "सर, तुम्हीच करा" असे म्हणत आणि आम्ही मान्य करीत असू. मोफतच्या वॉर्डातून तसे कोणी म्हणत नसे. नियम न मोडताही भेद तयार झाला होता.

मी त्याला म्हणालो, "दादा, सुई हे डॉक्टर घालतील. मी त्यांच्या शेजारी, हात लावण्याइतक्या अंतरावर उभा असेन. दोनदा टोचून जमले नाही तर ते बाजूला होतील आणि मी करीन. तुम्हाला हे मान्य नसेल तर सुरुवातीपासून मीच करतो. त्यामुळे उपचारांत काही फरक पडणार नाही." त्याने थोडा विचार केला आणि निवासी डॉक्टरांना विचारले, "तुम्ही याआधी किती केल्यात?" त्यांनी खरा आकडा सांगितला. मग त्याने सही केली. पहिल्याच प्रयत्नात धमनी मिळाली. मी उभाच होतो.

त्या आठवड्यापासून आम्ही दोन गोष्टी बदलल्या. संमतिपत्रावर नळी घालणाऱ्या डॉक्टरचे आणि देखरेख करणाऱ्या वरिष्ठाचे, अशी दोन्ही नावे लिहिली जातात. आणि निवासी डॉक्टरांनी कोणाच्या प्रक्रिया केल्या, याची नोंद खाटेच्या वर्गानुसार दर महिन्याला तपासली जाते. विशेष खोल्यांतील काही रुग्णांनी नाराजी व्यक्त केली. त्यांच्याशीही मी त्या मुलाशी बोललो तसाच बोललो. काहींनी मान्य केले, काहींनी नाही. नकाराचा अधिकार दोन्ही वॉर्डांत सारखाच असावा, एवढाच आमचा आग्रह आहे. येथे बसलेल्या देणगीदारांपैकी कोणावर आमच्याकडे येण्याची वेळ आली, आणि ती न येवो, तर त्यांनाही हाच प्रश्न विचारला जाईल.

विश्वस्त मंडळाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. गुरुवारी दुपारी कॅथ लॅबमध्ये नेहमीची यादी ठेवू नये; तो वेळ केवळ शिकविण्यासाठी राखून ठेवावा आणि त्यामुळे होणारी उत्पन्नातील घट अंदाजपत्रकात उघडपणे दाखवावी. तसेच ग्रामीण वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आठ दिवसांच्या निवासाचा व भोजनाचा खर्च देणगी निधीतून करावा. दोन्हींचे लेखी टिपण मी सचिवांकडे दिले आहे. पुढील बैठकीत त्यावर निर्णय व्हावा, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.