झिरी मारण्याआधी



दीक्षान्ताला मोठी माणसं बोलावतात. तुमच्या सरांनी एका इलेक्ट्रिकल कंत्राटदाराला बोलावलं, तेव्हा स्वप्नं-बिप्नं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. तुमच्यातले बरेच जण दोन-चार वर्षं कुणाच्या तरी हाताखाली राबतील आणि मग स्वतःची कामं घ्यायला लागतील. वायरमन, प्लंबर, वेल्डर, सगळ्यांचं तेच होतं. ज्या दिवशी पहिला हेल्पर ठेवाल, त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी तुम्ही मालक. खिसा मात्र कालचाच असतो, म्हणून हे कळायला वेळ लागतो.

मला कळलं ते एका फ्लॅटमध्ये. माझा हेल्पर घोड्यावर चढून झिरी मारत होता. घोड्याचा एक पाय फरशीच्या तुकड्यावर टेकवलेला. 'चालतंय, मार,' असं मीच खालून म्हणालो होतो. तुकडा सरकला, पोरगा मनगटावर आला. दोन हाडं मोडली. कामगारांची पॉलिसी होती, म्हणून मी तसा निवांत होतो. पण हप्ता कमी बसावा म्हणून मी पाचाऐवजी दोनच माणसं दाखवली होती आणि मजुरीही कमी लिहिली होती. दवाखान्याच्या खर्चाची जोड हवी का, असं एजंटाने विचारलं होतं. नको म्हणालो होतो. कंपनीने फाइल उघडली आणि माझीच सही माझ्यापुढे ठेवली. प्लेट बसवायचा खर्च बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून भागवला. कंपनीला बोल लावायला जागाच नव्हती.

तेव्हापासून कुणी विचारलं की 'कुठला विमा स्वस्त?', तर मी उलट विचारतो, 'तुझ्या साइटवर काही झालं, तर कोण कोण तुझ्या दारात येईल?' ते आधी ठरवायचं, कोटेशनं नंतर मागवायची.

पहिला येतो तो कामगार, किंवा त्याच्या घरचे. कामावर अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा 1923 सालचा. त्याचं सूत्र आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीची निम्मी रक्कम घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायची. मजुरी 15,000 रुपये आणि वय 25 धरा, त्या वयाचा आकडा 216.91. म्हणजे 7,500 गुणिले 216.91. मोबाइल काढा आणि करा हिशोब. 16,26,825 रुपये होतात. मजूर नाक्यावरून एका दिवसापुरता आणला होता, ही सबब चालत नाही. आणि ज्याचं काम तुम्ही ठेक्याने घेतलंय, त्या बिल्डरला ही रक्कम भरावी लागली, तर तो ती तुमच्याकडूनच वसूल करू शकतो.

म्हणून माझ्या मते पहिला पैसा या पॉलिसीत जावा. दोन कोटेशनं शेजारी ठेवलीत की हप्त्याचा आकडा बोटाखाली झाका. माणसं किती धरलीत, मजुरी किती, उंचीवरचं काम लिहिलंय का, दवाखान्याचा खर्च किती रकमेपर्यंत, हे आधी जुळवा. जुळलं की मग बोट काढा.

दुसरा येतो तो तिऱ्हाईत. ड्रिल नेमकं पाण्याच्या पाइपात घुसतं आणि खालच्या घरातलं पीओपी कोसळतं. इथे लोक गफलत करतात. 'पब्लिक लायबिलिटी' असं नाव दिसलं की घेऊन टाकतात. पण 1991 च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याखालची पॉलिसी भोपाळनंतर घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आली. तुमच्या ड्रिलशी तिचा संबंध नाही. अख्ख्या बंगल्याचं एकच मोठं काम घेतलंत, तर त्या कामापुरती 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' घ्या. तिच्यात झालेलं काम आणि तिऱ्हाईताचं नुकसान दोन्ही बसतं, पण तुमचे कामगार तिच्या लेखी तिऱ्हाईत नाहीत. 'ऑल' हा शब्द वाचून फसू नका. वर्षभर पंधरा-वीस किरकोळ कामं करणाऱ्याला मात्र वर्षाची सर्वसाधारण लायबिलिटी पॉलिसीच परवडते.

सरकारी काम घ्याल तेव्हा निविदेतली विम्याची अट नीट वाचा. राज्य शासनाच्या विमा संचालनालयाकडूनच पॉलिसी घ्या, नाहीतर बिलातून 1 टक्का कापू, असं तिथे बहुधा लिहिलेलं असतं. बरेच ठेकेदार मुकाट कापू देतात आणि विमा झाला असं समजतात. पॉलिसीचा कागद हातात आला का, एवढंच पाहा.

हत्यारांचं थोडक्यात सांगतो. ब्रेकर उघड्या साइटवरून कुणी उचलून नेला, तर घरफोडीची पॉलिसी सहसा हात वर करते. तिला तुटलेलं कुलूप दाखवावं लागतं.

राहिला तिसरा माणूस, म्हणजे तुम्ही स्वतः. कामगारांच्या पॉलिसीत मालक बसत नाही. चार माणसांचा विमा काढून स्वतः शिडीवर बिनधास्त चढणारे ठेकेदार मी किती पाहिले! हात मोडला की धंदाच घरी बसतो. वैयक्तिक अपघात विमा घेताना काम बंद असेपर्यंत आठवड्याला काही मिळतं का, ते विचारा. नुसत्या मृत्यूची रक्कम मोठी दिसते, पण आपल्याला प्लास्टरमधले तीन महिने काढायचे असतात.

आज एवढ्यासाठी पैसे नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण बँकेत खातं सगळ्यांचं आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. 16 लाखांपुढे ते काहीच नाहीत, पण सुरुवात आहे. वर्ष 1 जून ते 31 मे असं धरतात, त्या सुमारास खात्यात 20 रुपये असू द्या. आज प्रमाणपत्र आईवडिलांना दाखवा, आणि उद्या बँकेत जाऊन तेवढा फॉर्म भरून टाका.