‘इंधन’ नांदेड-लातूरकरांनी का वाचावी?



हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ साली आली. गाव कोकणातलं. निवेदक मुसलमान, पण धर्माचा धाक न मानणारा. बरीच वर्षं बाहेर काढून, आजारपणानंतर तो घरी परततो. गावातली जुनी उतरंड ढासळू लागलेली असते, मनं आतून धुमसत असतात. हिंदू-मुसलमान दोन्हीकडच्यांशी त्याचे घरोब्याचे संबंध. तरी गाव पेटतं तेव्हा त्याच्या शब्दाला कुणी विचारत नाही. दलवाई हिंदूंना झुकतं माप देत नाहीत आणि आपल्या माणसांचीही भीड ठेवत नाहीत.

आपण म्हणाल, आमच्याकडे तसं नाही. माहूरला रेणुकेचं दर्शन घेऊन माणसं सोनापीर दर्ग्यावर जातात. कंधारच्या दर्ग्यात हाजी सय्याह सरवरांच्या उंबऱ्यावर हिंदू बाया लेकराचं डोकं टेकवतात, कपाळाला अंगारा लावतात. हे मोलाचं आहे, यात शंका नाही. पण ही श्रद्धा १९४८ सालीही होतीच. आधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावं लुटली, जाळली. भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, त्या पोलीस अ‍ॅक्शननंतर त्याचा सूड ज्यांनी काही केलं नव्हतं अशा मुसलमान घरांवर उगवला गेला. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत, या हिंसाचाराची पाहणी करायला केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं नांदेड आणि उस्मानाबादची नावं घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं.

म्हणून नुसत्या सलोख्यावर विसंबून भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. आपल्याच जमातीला ‘हे चूक आहे’ असं तोंडावर सांगणाऱ्याला गावात राहता आलं पाहिजे. ‘इंधन’मधल्या निवेदकाला ते जमत नाही, तो गाव सोडतो.

आपल्या नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर यांनी हे बळ दाखवलं. ते नास्तिक होते, पण मनुस्मृती ओळ न् ओळ वाचून तिच्यावर बोलले, आणि मुस्लिम समाजात सुधारणा मागणाऱ्या दलवाईंच्या बाजूनं उभे राहिले. दोघंही १९३२ साली जन्मले. दलवाई १९७७ मध्ये गेले, कुरुंदकर १९८२ मध्ये. पन्नाशी दोघांनीही पाहिली नाही.

जवळच्या ग्रंथालयात ‘इंधन’ मागा, वाचा. आणि १९४८ पाहिलेलं कुणी आपल्या गल्लीत अजून असेल, तर त्यांच्यापाशी बसून तेव्हा काय झालं ते विचारून घ्या. अशी माणसं आता फार थोडी उरली आहेत.