शेती, गुरे आणि ऊर्जेचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक समारंभात कुडाळ येथे दिलेले व्याख्यान)



आज मी शेतीबद्दल बोलणार आहे हे कळल्यावर काहींच्या मनात आले असेल की, मुलांना शेतीतून बाहेर काढण्यासाठीच तर आपण शाळा काढली, मग पुन्हा शेती कशाला? या शंकेचे उत्तर मी शेवटी देईन. तोवर आपण एक हिशेब मांडू. तो रुपयांचा नाही, ऊर्जेचा आहे.

ऊर्जा म्हटली की आपल्याला विजेचा खांब आणि पेट्रोलपंप आठवतो. पण शेत हासुद्धा ऊर्जेचाच कारखाना आहे. सूर्याचा प्रकाश पानात साठतो, त्याचे भात होते आणि पेंढा होतो. भात आपण खातो, पेंढा गुरे खातात. गुरांकडून आपल्याला ओढकाम, दूध आणि शेण मिळते. या कारखान्यात आपण किती घालतो आणि किती काढतो, हे मोजण्याचे शास्त्र आता चांगले विकसित झाले आहे. भोपाळ येथे 1976 साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आणि देशातील अनेक कृषी विद्यापीठे हे काम करीत आली आहेत.

या शास्त्रातले काही साधे आकडे पाहा. धडधाकट माणूस दिवसभर काम करतो तेव्हा त्याची शक्ती साधारण 75 वॅट, म्हणजे एका हॉर्सपॉवरचा दहावा भाग असते. आठ तास घाम गाळला तर काम होते 0.6 युनिटचे. विजेचे एक युनिटसुद्धा भरत नाही! आपल्या कोकणी बैलांची जोडी लहान चणीची. तिची शक्ती अर्धा ते पाऊण हॉर्सपॉवर. पॉवर टिलर मात्र आठ ते बारा हॉर्सपॉवरचा असतो. चिखलणीला बैल मागे पडले आणि टिलर आला, त्याचे कारण या आकड्यांत आहे.

पण भातशेतीत सर्वांत जास्त ऊर्जा कशात जाते, असे विचारले तर बहुतेक जण नांगरणी म्हणतील. रासायनिक खते वापरणाऱ्या शेतात बहुधा ती खतात, म्हणजे युरियात जाते. युरिया हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो. फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने 1909 साली हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र आणून अमोनिया करून दाखवला, आणि 1913 साली ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. त्यासाठी प्रचंड दाब आणि चारशे-पाचशे अंशांची उष्णता लागते. आज आपल्याकडे त्यासाठी मुख्यतः नैसर्गिक वायू वापरतात. अलिबागजवळचा थळचा कारखाना असाच वायूवर चालतो.

हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. एक किलो नत्र तयार करायला लागणारी ऊर्जा ढोबळमानाने एक लिटर डिझेलइतकी आहे. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे सुमारे 20 किलो नत्र असते. म्हणून डोक्यावर युरियाची गोणी घेऊन बांधावरून चालणारा शेतकरी जणू 20 लिटर डिझेल घेऊनच चाललेला असतो.

आता आपल्या घरांकडे पाहू. इथे बसलेल्या कितीतरी मुलांचे वडील, काका, मामा मस्कत, कुवेत, दुबईला आहेत. तेलाच्या आणि वायूच्या जोरावर उभ्या राहिलेल्या देशांत ते राबतात. ओमानमध्ये सूर येथे खताचा मोठा कारखाना आहे आणि त्यात इफ्को व कृभको या आपल्या सहकारी संस्थांची भागीदारी आहे. तिकडच्या वायूपासून झालेला युरिया जहाजाने भारतात येतो. म्हणजे आपला माणूस तिकडे जातो, तिकडचा वायू गोणीतून इकडे येतो, आणि आपण तो जूनच्या पावसात शेतात फेकतो. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. फेकलेल्या युरियाचा बराच भाग पाण्याबरोबर वाहून जातो आणि काही वायू होऊन उडून जातो. परदेशातून मनीऑर्डर यावी आणि ती वहाळात सोडून द्यावी, तसाच हा प्रकार!

यावर उपाय सापडला आहे. कोकणच्या भातशेतीत डॉ. नारायण सावंत यांची ‘चारसूत्री’ पद्धत प्रसिद्ध आहे. पहिले सूत्र म्हणजे भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत आणि पेंढा शेतात वापरणे. दुसरे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणे. तिसरे, ठराविक अंतरावर लावणी. चौथे, युरिया-डीएपीची ब्रिकेट, म्हणजे पावणेतीन ग्रॅमची खताची गोळी, चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे. खत चिखलात बसल्यामुळे ते वाहत नाही, मुळांना हळूहळू मिळते. एरवी हेक्टरी 100 किलो नत्राची शिफारस आहे. गोळ्यांनी ते सुमारे 60 किलोंत भागते. वाचलेले 40 किलो म्हणजे आपल्या हिशेबाने हेक्टरी 40 लिटर डिझेल. यात मोठे यंत्र नाही. युरिया कुठे आणि कसा नाहीसा होतो, याचा अभ्यास तेवढा आहे. यालाच संशोधन म्हणतात.

आता गोठ्याकडे वळू. जॉन व्होएल्कर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ 1889 साली भारतात आले, देशभर फिरले, आणि 1893 साली त्यांचा शेतीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी म्हणून शेण जाळतो, असे तेव्हाचे अनेक साहेब म्हणत. व्होएल्करांनी सांगितले की बहुतेक ठिकाणी तो शेण जाळतो, कारण त्याला सरपण मिळत नाही. आधी सरपणाची सोय करा, म्हणजे शेण शेतात जाईल. चुलीचा प्रश्न आणि पिकाचा प्रश्न एकच आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

शेणी जाळली की तिच्यातला नत्र धुराबरोबर जातो आणि उष्णतेचाही जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. तेच शेण गोबरगॅसच्या टाकीत घातले तर गॅस मिळतो आणि खतही शिल्लक राहते. एक किलो ताज्या शेणापासून साधारण 40 लिटर गॅस होतो. चार लहान जनावरांचे रोजचे 30 किलो शेण धरले तर 1200 लिटर, म्हणजे सव्वा घनमीटरच्या आत-बाहेर गॅस. तो सुमारे अर्धा किलो सिलिंडरच्या गॅसची बरोबरी करतो. महिन्याचा हिशेब केला तर जवळजवळ एक सिलिंडर! थंडीत थोडे कमी, उन्हाळ्यात थोडे जास्त. मळीतला नत्र मात्र परसात आणि शेतात जातो.

हे आपल्याच मुलखात होऊन दाखवले आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी, कोणतीही घाण वाया जाऊ नये, तिचे खत व्हावे, यासाठी आयुष्य वेचले. आपल्या कुडाळ तालुक्यातील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने सिंधुदुर्गातील खेडोपाडी घरोघर बायोगॅस उभे केले आहेत. ज्या घरात टाकी चालते तिथल्या माऊलीला विचारा. धुराने डोळे चोळणे संपले, पावसाळ्यासाठी लाकडे साठवण्याची धावपळ संपली. आपल्या बायकांच्या डोक्यावरचा लाकडाचा भारा हीसुद्धा ऊर्जाच आहे. कोणत्याही खतावणीत तिची नोंद नसते एवढेच.

गुरांच्या चाऱ्यातही हाच हिशेब आहे. पेंढ्यात ऊर्जा भरपूर असते, पण जनावराला तिच्यातली निम्म्याच्या आसपासच पचते. काही भाग तर मिथेन वायू होऊन तोंडावाटे निघून जातो. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडला आणि हवाबंद दाबून तीन आठवडे ठेवला तर पेंढा अधिक पचतो, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. मात्र हे पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारूनच करावे; प्रमाण चुकले तर युरिया जनावराला विष ठरतो. आपली ‘कोकण कपिला’ गाय दूध कमी देते म्हणून आपण तिला नावे ठेवतो. पण थोड्या चाऱ्यावर, चढउताराच्या रानात, एवढ्या पावसात ती टिकते, हेही तिच्या जमेच्या बाजूला लिहिले पाहिजे.

संशोधन म्हणजे नेहमी मोठी प्रयोगशाळाच लागते असेही नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दातेरी ‘वैभव’ विळा दिला, त्याने भात कापणाऱ्या हाताचे कष्ट हलके झाले. ‘नूतन’ झेल्याने आंबा देठासकट उतरू लागला. कुणीतरी काम करणाऱ्या माणसाकडे नीट पाहिले, म्हणून हे झाले.

विद्यार्थी मित्रांनो, बाराव्या शतकात स्पेनमधील सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम यांनी शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात खतांचे प्रकार, ती कशी मुरवावीत, कोणत्या झाडाला कोणते घालावे, याची चर्चा आहे. शेणखताचा अभ्यास त्या विद्वानाला कमीपणाचा वाटला नाही. वाहत्या पाण्याकाठीसुद्धा वुजूचे पाणी उधळू नये, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. मग शेण, पाला, पेंढा उधळताना ती शिकवण कुठे जाते?

तुम्ही एवढेच करा. एक वही घ्या. महिनाभर घरचे शेण किती, सरपण किती, पंप किती तास चालला, युरिया किती पडला, हे रोज लिहा. शेजारच्या घराशी ताडून पाहा. ही वही म्हणजे तुमचे पहिले संशोधन. तिच्यात गोडी वाटली तर आपल्याच तालुक्यात मुळदे येथे उद्यानविद्या महाविद्यालय आहे, दापोलीला कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मुलींनीही तिकडे जावे. चुलीचा धूर ज्यांनी गिळला, त्यांच्या लेकींनी त्यावरचा उपाय शोधावा, याहून मोठे समाधान कोणते?

पालकहो, आता तुमच्या शंकेचे उत्तर. मुलांनी जुन्या शेतीत परत जावे असे मी म्हणत नाही. परदेशी जाणाऱ्यालाही मी अडवणार नाही; त्या कमाईवर आपली घरे उभी राहिली, शाळा उभ्या राहिल्या. पण ज्या जमिनी पडीक पडल्या आहेत त्यांचा विचार करणारे एक तरी शिकलेले मूल प्रत्येक मोहल्ल्यात असावे. तेलाच्या देशातली नोकरी कराराची असते आणि करार संपतो. आपल्या खळ्यावर पडणारे ऊन मात्र कुणी परत मागत नाही. ते वापरायला शिकवील ते खरे शिक्षण.

अल्लाह आपल्या मुलांना उपयोगी पडणारे इल्म देवो.