तोंड कोणाला दाखवायचे?



नेसरीच्या या भूमीपुढे मराठी माणूस मस्तक नमवतो, तो सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांच्या बलिदानामुळे. 24 फेब्रुवारी 1674 रोजी बहलोलखानाच्या सेनेवर हे सात वीर तुटून पडले आणि त्यांनी देह ठेवला. त्या शौर्याला वंदन करूनच एक अवघड प्रश्न विचारायला हवा. मागून सैन्य येईपर्यंत थांबणेही सरनौबतांना अशक्य का झाले?

1673 मध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी याच खानाचे पाणी तोडून त्याला कोंडीत पकडले होते. खान शरण आला आणि त्यांनी उदार मनाने त्याला वाट दिली. तोच खान पुन्हा स्वराज्यावर उलटला. तेव्हा त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नये, असे शिवरायांनी बजावल्याचे बखरी सांगतात. ते शब्द जिव्हारी लागले. अशी जखम कर्तव्यनिष्ठ माणसालाच होते. परंतु तिची वेदना असह्य झाली की मरण सोपे वाटते आणि थांबणे कठीण. रायगडावरील राज्याभिषेकाला अवघे साडेतीन महिने उरले होते. तो पाहायला सरनौबत राहिले नाहीत.

दुखावलेल्या मानाला दुसरी वाटही असते. त्याच शतकात देहूच्या एका व्यापाऱ्याने ती चालून दाखवली. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. महाजनकीच्या घराण्यातील या माणसाला त्या दिवसांत जिवाची लाज वाटत होती, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. परंतु गेलेली पत परत मिळवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी सावरले. कर्जखतांतील आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत सोडला, अशी परंपरा आहे. लोकांकडचे येणे सुटले, तसा थोरपणाचा भारही सुटला. मग आधार उरला तो एका पांडुरंगाचा.

ही शरणागती दुबळेपणाची नव्हे. 1665 मध्ये पुरंदरच्या तहात शिवरायांनी 23 किल्ले मोगलांना दिले. राज्य आपल्या मानासाठी नसून श्रींचे आहे, ही ज्याची धारणा असते, त्यालाच असे थांबता येते. 1670 पासून तेच किल्ले एकेक करून स्वराज्यात परतू लागले.

आज कर्जाने पिचलेला शेतकरी, परीक्षेत नापास झालेला मुलगा, धंद्यात बुडालेला गृहस्थ एकच वाक्य मनाशी घोकत बसतो, 'आता लोकांना तोंड कसे दाखवू?' रणातील मरणाशी त्या निराशेची तुलना करू नये. पण तो प्रश्न मात्र नेसरीइतकाच जुना आहे. त्या माणसाला उपदेश नको असतो. त्याच्या दाराशी जावे, शेजारी बसावे, त्याचे ओझे थोडे आपल्या खांद्यावर घ्यावे आणि त्याला आठवण द्यावी, की देवापुढे उभे राहायला पत लागत नाही. रित्या हातांनी आलेल्यालाही पांडुरंगाचा दरवाजा मोकळाच असतो.