उभ्या गाडीचे आजार

(अमेरिकेतील एका मराठी मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, संपादित)



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, इतिहास असावा. इथे इंजिन कुठून आले? पण निवृत्तीनंतर मोटारहोम घेऊन देश पाहायला निघालेली मंडळी या सभागृहात आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची गाडी जुनी आहे. नव्या गाडीच्या किमतीत घर येते, म्हणून आपण वीस-पंचवीस वर्षांची, मागच्या बाजूला डिझेल इंजिन असलेली गाडी घेतो. इथे तिला ‘डिझेल पुशर’ म्हणतात. आजचे बोलणे तिच्याबद्दल आहे.

अशी गाडी विकणारा माणूस एक वाक्य हमखास बोलतो, ‘पंचवीस वर्षांत फक्त चाळीस हजार मैल चाललीय.’ घेणारा खूश होतो. जरा हिशेब करू. वर्षाला सोळाशे मैल. ताशी पन्नास मैलांचा वेग धरला तर वर्षाचे बत्तीस तास. उरलेले सगळे वर्ष ती उभी होती. माझे म्हणणे असे की या आकड्याने खूश होण्याऐवजी सावध व्हावे. डिझेल इंजिन चालून झिजते खरे, पण मोटारहोममधले इंजिन झिजण्याइतके चालतच नाही. ते बिघडते उभे राहून. म्हणून त्याची देखभाल मैल मोजून चालत नाही, महिने मोजून करावी लागते.

उदाहरणादाखल एकच इंजिन घेऊ. कमिन्स कंपनीचे बी मालिकेतले ५.९ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन. ते १९८४ मध्ये बाजारात आले, १९८९ च्या डॉज पिकअपमधून घरोघरी पोहोचले आणि नव्वदच्या दशकातल्या असंख्य मोटारहोममध्ये बसले. आपल्यालाही ते परके नाही. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली उभी राहिली. पुढे जमशेदपूरला टाटा कमिन्सने हेच ५.९ लिटरचे इंजिन बनवले आणि ते टाटांच्या ट्रकमध्ये लागले. बांधणी सरळ आहे. टायमिंग गिअरवर चालते, तुटायला पट्टा नाही. तोच ट्रक माल लादून घाट चढतो-उतरतो आणि लाखो किलोमीटर जातो. कारण तो रोज चालतो. ऑइल रोज पुरते तापते, त्यातले पाणी उडून जाते. टाकीतले डिझेल दोन-तीन दिवसांत संपते आणि ताजे येते. मोटारहोममध्ये नेमके हेच होत नाही. तिच्यातली प्रत्येक पातळ वस्तू जागच्या जागी जुनी होत राहते. ती आता एकेक करून पाहू.

आधी ऑइल. डिझेल जळताना पाणी तयार होते, काजळी होते, आम्ल होते. यातले थोडेथोडे पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन तासभर रस्त्यावर चालले तर पाणी उडून जाते. पण आपल्यातले काही जण हिवाळ्यात दर रविवारी दारात गाडी सुरू करून दहा मिनिटे नुसती घुरघुरत ठेवतात आणि ‘चालू ठेवलीय’ म्हणून समाधान मानतात. न चालवण्यापेक्षा हे वाईट. डिझेल इंजिन रिकाम्या चालीवर तापतच नाही. पाणी आणि न जळलेले डिझेल ऑइलमध्ये साचत जाते. चालवायचीच तर महिन्यातून एकदा रस्त्यावर काढा आणि वीस-तीस मैल नेऊन आणा. ते जमणार नसेल तर वसंत येईपर्यंत हात लावू नका.

ऑइल वर्षातून एकदा बदला, मैल कितीही कमी झालेले असोत. आणि ते वसंतात बदलण्यापेक्षा गाडी हिवाळ्यासाठी उभी करण्याआधी बदला, म्हणजे आम्ल उतरलेले जुने ऑइल चार-पाच महिने बेअरिंगांवर बसून राहणार नाही. डब्यावरचे चिन्ह पाहून घ्या. १५डब्ल्यू-४० आणि सीके-४ असेल तर जुन्या इंजिनाला चालते. एफए-४ हे काही नव्या इंजिनांसाठी काढलेले पातळ ऑइल आहे. ते जुन्यात घालू नये. ऑइल काढताना थोडा नमुना प्रयोगशाळेला पाठवा. सिलिकॉन वाढले तर एअर फिल्टरकडून धूळ आत जातेय. सोडियम-पोटॅशियम दिसले तर कूलंट ऑइलमध्ये उतरतेय. शिसे-तांबे वाढले तर बेअरिंग बोलू लागलीय. एका अहवालावरून फार काही कळत नाही. चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की इंजिन कुठे चाललेय ते दिसते.

दुसरे डिझेल. २००६ पासून इथे रस्त्यावरच्या डिझेलमधले गंधक दर दहा लाखांत ५०० भागांवरून १५ वर आले. हवेसाठी उत्तम झाले. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा तेलकटपणाही जातो, म्हणून त्यात तो वेगळा मिसळावा लागतो. काही जुन्या गाड्यांत रबरी सील आकसून गळतीही सुरू झाली. तेव्हा पंपाच्या आसपास ओल दिसते का, हे बघत जा.

त्याहून मोठा शत्रू पाणी. अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी उभी केली की आतल्या हवेतली वाफ थंडीत भिंतींवर जमते आणि तळाशी उतरते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, त्यांची काळी चिकट साय फिल्टरमध्ये येऊन अडकते, आणि गाडी नेमकी चढावर दम सोडते. उपाय साधे आहेत. उभी करताना टाकी भरून ठेवा. फिल्टरखालचा पाण्याचा नळ उघडून पाणी काढा. डिझेल फिल्टर वर्षाला बदला आणि एक कोरा फिल्टर, तो उघडण्याच्या पान्यासह, गाडीत ठेवा. रिकाम्या हायवेवर हा फिल्टर बदलून लाइनमधली एअर काढता आली पाहिजे. ते घरच्या अंगणात एकदा करून पाहा.

इथे आपल्या इंजिनाचे दोन अवतार वेगळे ओळखावे लागतात. १९९८ च्या आधीच्या बारा व्हॉल्व्हच्या पुष्कळ इंजिनांवर रांगेतला पंप असतो, आणि त्याला वंगण इंजिनच्याच ऑइलचे मिळते. तो दणकट आहे. त्यानंतरच्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनावर, साधारण २००२ पर्यंत, बॉशचा व्हीपी४४ हा इलेक्ट्रॉनिक पंप येतो. त्याला गारवा आणि वंगण दोन्ही वाहत्या डिझेलकडूनच मिळते. मागून डिझेल ढकलणारा स्वस्तातला लिफ्ट पंप थकला की हा महाग पंप कोरडा पडून मरतो, आणि तोवर चालकाला काही कळत नाही. म्हणून अशा गाडीत डिझेलच्या दाबाचा काटा बसवून घ्या. रिकाम्या चालीवर दाब दहा पीएसआयच्या खाली दिसला तर लिफ्ट पंपाकडे बघा.

तिसरे कूलंट. ५.९ मध्ये सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले आहेत. त्याचे थोरले भावंड, ८.३ लिटरचे सी मालिकेतले इंजिन, ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी जास्त लक्ष द्यावे. त्यात सिलिंडरचे लायनर सुटे आणि बाहेरून कूलंटने वेढलेले असतात. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, त्याच्या पृष्ठभागाशी बारीक बुडबुडे होतात, फुटतात आणि फुटताना लोखंड कोरत जातात. दुर्लक्ष झाले तर आरपार भोक पडते. हे रोखण्यासाठी कूलंटमध्ये नायट्राइटसारखी रसायने घालतात. ती कालांतराने संपतात, आणि कूलंट हिरवेगार दिसत असूनही संपलेली असू शकतात. कागदी पट्टी बुडवून रंग पाहण्याची चाचणी मिनिटाची आहे. वर्षातून दोनदा करा. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र करू नका. नळ्याही हाताने दाबून पाहा. फुगलेली, मऊ पडलेली किंवा कडक झालेली नळी मैल न बघता बदलावी.

चौथा मुद्दा रेडिएटर. खास मोटारहोमचा असा आजार हाच. पुष्कळ पुशर गाड्यांत रेडिएटर सगळ्यात मागे असतो आणि पंखा इंजिनाकडची हवा ओढून त्यातून मागे फेकतो. इंजिनाच्या ब्रीदरची नळी खाली सोडलेली असते. तिच्यातून निघणारा ऑइलचा धूर पंखा उचलतो, त्यात रस्त्याची धूळ मिसळते, आणि स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर बसतो तसला चिकट थर रेडिएटरच्या आतल्या बाजूला बसतो. मागून टॉर्च मारली तर रेडिएटर स्वच्छ दिसतो, कारण घाण आत असते. सपाटीवर काही जाणवत नाही. मग इंटरस्टेट ७० वर आयझेनहॉवर बोगद्याकडे, ११ हजार फुटांवर चढताना काटा लाल रंगात शिरतो. मालक थर्मोस्टॅट बदलतो, वॉटर पंप बदलतो आणि गाडी तरीही गरम होते.

पलंगाखालचे इंजिनाचे झाकण उघडा आणि टॉर्चने पंख्याच्या बाजूने बघा. ॲल्युमिनियमला चालेल असा तेलकटपणा घालवणारा साबण लावून भिजू द्या, मग साध्या नळाने धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. प्रेशर वॉशर नको, पाती वाकतात. ब्रीदरची नळी लांबवून पंख्याच्या हवेबाहेर काढा. आणि चढ समोर दिसला की दम लागण्याआधीच खालचा गिअर टाका. इंजिन वेगाने फिरले की पंखा आणि पाण्याचा पंपही वेगाने फिरतात.

दोन कामे गॅरेजमध्ये करून घ्यावीत. एक, टॅपेटची फट तपासून घेणे. इंजिन थंड असताना इनटेकला दहा आणि एक्झॉस्टला वीस हजारांश इंच. हे आकडे इंजिनावरच्या पट्टीवरही लिहिलेले असतात. दुसरे, बारा व्हॉल्व्हच्या आणि सुरुवातीच्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनांत टायमिंगच्या घरामध्ये एक छोटी पोलादी पिन असते. थरथरीने ती सैल होऊन गिअरमध्ये पडू शकते आणि अख्खे इंजिन खाऊ शकते. ती जागेवर धरणारी पट्टी किरकोळ किमतीची आहे. गाडी घेतल्या घेतल्या ती लावलीय का, हे विचारा.

एक इशारा मात्र गांभीर्याने ऐका. या गाड्या हवेच्या फुग्यांवर उभ्या असतात. हवा सुटली तर पंधरा-वीस हजार पौंडांची गाडी क्षणात खाली बसते. चासीखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय कोणीही, एका मिनिटासाठीही, गाडीखाली जाऊ नये. पैसे वाचवण्यासाठी जीव घालवायचा नाही.

मंडळी, यातले एकही काम अवघड नाही. ते करायचे राहून जाते, कारण गाडी उभी असली की तिला काही होत नाही असे आपण धरून चालतो. एक वही करा. तारीख, मैल, काय बदलले, एवढेच लिहा. ऑइल आणि डिझेल फिल्टर वर्षाला, कूलंटची चाचणी सहा महिन्यांनी, रेडिएटर दर वसंतात. आणि जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा ओडोमीटरकडे शेवटी बघा, आधी पावत्यांची फाइल मागा. दीड लाख मैल चाललेली आणि जाडजूड फाइल असलेली गाडी डोळे मिटून घ्या. चाळीस हजार मैलांची, बिनफाइलची गाडी घ्यायचीच असेल तर सगळी तेले, कूलंट, पट्टे आणि नळ्या बदलण्याचा खर्च किमतीतून आधी वजा करा आणि मगच बोली करा.