आकाशातील शेजारीण : देवयानी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



लोणारचे सरोवर आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने झाले, हे आम्ही आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील मुलांस अनेक वर्षे शिकविले. एकदा तो पाठ चालू असता सातवीतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी सर्वांत दूरची वस्तू कोणती?” आम्ही बेधडक सांगितले, “तारे.” ते उत्तर चुकीचे होते. निवृत्तीनंतरच्या वाचनात ही चूक आमच्या ध्यानी आली. ती आज येथे दुरुस्त करावयाची आहे.

कार्तिक-मार्गशीर्षातील अंधाऱ्या रात्री, आठाच्या सुमारास, शेतात उभे राहून उत्तरेस पाहावे. शर्मिष्ठेचे पाच तारे इंग्रजी ‘एम्’ अक्षरासारखे दिसतात. त्यातील अधिक टोकदार शिखराच्या रोखाने माथ्याकडे नजर नेली म्हणजे एक धूसर ठिपका आढळतो. हीच देवयानी दीर्घिका. पुराणात भांडलेल्या दोघींपैकी एकीने दुसरीची वाट दाखवावी, ही मोठी मौजेची गोष्ट होय!

हा ठिपका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच अब्जावधी ताऱ्यांचा स्वतंत्र समूह आहे. तो सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे; म्हणजे आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

आकाशगंगेबाहेर अशी दुसरी विश्वे आहेत काय, याविषयी १९२० साली विद्वानांतही वाद होता. १९२३ साली एडविन हबल यांनी माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीच्या साहाय्याने देवयानीत तेज कमीजास्त होणारा एक तारा शोधला, आणि त्यावरून तिचे अंतर काढून तो वाद निकालात काढला. मात्र अंतर मोजण्याची काठी त्यांच्या हाती दिली ती हेन्रिएटा लेविट या बाईंनी. हार्वर्ड वेधशाळेत अल्प वेतनावर छायाचित्रांच्या काचा तपासताना, असा तारा जितक्या सावकाश उजळतो व मंदावतो, तितका तो मुळात अधिक तेजस्वी असतो, हा नियम त्यांस सापडला. तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. १९२१ साली त्या निवर्तल्या. आपल्या श्रमाचे हे फळ त्यांस पाहावयास मिळाले नाही.

आम्हांस प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे शिक्षण सातवीनंतर थांबले. तिला खरे उत्तर देणे राहून गेले, ही खंत आहे. म्हणून मंडळास आमची नम्र विनंती, की शिष्यवृत्तीची यादी करताना गरजू मुलींची नावे प्रथम लिहावी, आणि विद्यार्थ्यांसाठी एक साधी दुर्बीण घ्यावी. पहिल्या वर्गणीचे एक हजार रुपये आम्ही आजच चिटणीसांकडे देत आहो.