पावणेदोन लिटर दुधाचं गणित

आधी एक गणित घालते. पावणेदोन लिटर दूध आहे. त्याच्या अर्ध्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्या. किती भरतील? जिथं गावोगावी सकाळ-संध्याकाळ डेअरीपुढे किटल्यांची रांग लागते, त्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हे गणित कुणाला परकं वाटू नये. तीन पिशव्या भरल्या आणि पाव लिटर उरलं. आता उत्तर काय लिहायचं? बरीच मुलं लिहितात, सव्वातीन. तीन पिशव्या आणि वर पाव. वहीत रीतसर भागाकार केला, अर्धा उलटा करून गुणलं, की येतात साडेतीन. मग मूल विचारतं, "सव्वातीन का नाही, बाई?"

आता बाईंनी काय सांगायचं? "नियम आहे तसा" म्हणून भागत नाही. उरलंय पाव लिटर हे खरंच, पण आपण मोजतोय पिशव्या. पाव लिटर दुधानं अर्धी पिशवी भरते, म्हणून साडेतीन. आणि ते उलटं करून गुणायचं कशासाठी? एका लिटरच्या दोन पिशव्या होतात, म्हणजे जेवढे लिटर त्याच्या दुप्पट पिशव्या. दोनानं गुणायचं ते एवढ्यासाठी. हे ज्या शिक्षकाला आतून ठाऊक असतं, तो मुलाच्या उलट प्रश्नावर चिडत नाही. ज्याला ठाऊक नसतं, तो "गप्प बस, लिहून घे" म्हणतो. त्याच्या दटावणीत पुष्कळदा भीतीच असते.

नेमकं हेच गणित, म्हणजे पावणेदोन भागिले अर्धा, लिपिंग मा या संशोधक बाईंनी प्राथमिक शिक्षकांना घातलं होतं. त्या मूळच्या चीनच्या. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना शहरातून खेड्यात धाडलं गेलं, तिथं त्या प्राथमिक शाळेत शिकवू लागल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी हा अभ्यास केला आणि १९९९ साली त्याचं पुस्तक आलं. अमेरिकेतले २३ शिक्षक आणि चीनमधले ७२. अमेरिकेतल्या नऊ जणांचंच उत्तर शेवटपर्यंत बरोबर आलं. चीनमधल्या सगळ्यांचं आलं. मग त्या म्हणाल्या, यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. इथं खरी गंमत झाली. अमेरिकेतल्या अनेकांनी अर्ध्यानं भागण्याऐवजी दोघांत वाटून टाकलं. चीनमधल्या बहुतेकांनी नीट उदाहरण रचलं.

आणि शिक्षण कुणाचं जास्त? अमेरिकेतल्या शिक्षकांचं! ते पदवीधर होते, चीनमधले बरेचसे आपल्या जुन्या डीएडवाल्यांसारखे, कमी वर्षं शिकलेले. पण तिथं एका शाळेतले गणिताचे शिक्षक नेमानं एकत्र बसत, पाठ्यपुस्तकातल्या एकेका धड्याचा कीस काढत. मूल कुठं अडेल, कोणतं उदाहरण आधी घ्यावं, एकच गणित किती वाटांनी सुटतं, याची चर्चा करत. त्यांचं गणित नोकरीत लागल्यावर वाढलं.

आपल्याकडचे कितीतरी प्राथमिक शिक्षक दहावीला गणिताला रामराम ठोकून कला शाखेकडे वळलेले असतात. पुढे डीएड होतं, नोकरी लागते आणि सोडून दिलेलं गणित खडूसकट पुन्हा हातात येतं. यात त्यांचा काय दोष? आपल्या पणजोबांना पावकी, निमकी, सवायकी, औटकी तोंडपाठ असे. साडेतीनाचा पाढा ते झोपेत म्हणत. पण "का" विचारलं असतं तर पंतोजींनी छडीच उगारली असती, असं मला वाटतं. आज छडी गेली, पण शिष्यवृत्तीच्या तयारीत पाठांतराचा तोच सोस आहे. गुणवत्ता यादीचं आपल्या जिल्ह्याला केवढं कौतुक! त्या कौतुकापायी युक्त्या पाठ होतात, मुलांच्याही आणि गुरुजींच्याही.

शिक्षकांनी एकत्र येण्याची कल्पना आपल्यालाही नवी नाही. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक हे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६६ सालच्या त्या अहवालात शाळासमूहाची कल्पना आहे. एक हायस्कूल आणि त्याच्या आसपासच्या प्राथमिक शाळा, सगळ्यांनी एकमेकांना हात द्यायचा. आज केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषदाही भरतात. पण तिथला वेळ माहिती भरण्यात, परिपत्रकं वाचण्यात आणि फोटो काढून पाठवण्यात फार जातो, अशी शिक्षकांची तक्रार असते, आणि ती मला खोटी वाटत नाही.

लीलाताई पाटलांनी आधी अध्यापक महाविद्यालयांत शिक्षक घडवले आणि मग १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं, तेही प्राथमिक. शिक्षकांना शिकवणाऱ्यानं लहान मुलांच्या वर्गात उभं राहायला हवं, हे मला त्यांच्या या वाटेवरून फार पटतं. आमच्या प्रशिक्षणांतले कितीतरी तज्ज्ञ दुसरीच्या वर्गात दहा मिनिटं टिकायचे नाहीत.

म्हणून केंद्रप्रमुखांना एक विनंती करते. पुढच्या परिषदेत एक तास राखून ठेवा आणि दोनच उदाहरणं घ्या. बावन्नातून सत्तावीस वजा करताना मूल पस्तीस का लिहितं? आणि "दहानं गुणायचं तर पुढं शून्य द्या" हा आपला लाडका नियम दोन पूर्णांक पाच दशांशाला लावला तर काय होतं? हायस्कूलच्या गणिताच्या सरांनाही बोलवा, पण त्यांना लगेच फळ्यापाशी नेऊ नका. आधी दुसरीच्या बाईंना बोलू द्या. पस्तीस लिहिणारी मुलं त्या रोज बघतात, सरांच्या वर्गात ती पोचेपर्यंत सहा-सात वर्षं गेलेली असतात.